आठवड्याला एक फेरी जास्त

रविवार, १२ जानेवारी

पोहे, दुसरा चहा, आणि चक्क दोन तास कुणी हाक मारली नाही. मंदार सईला घेऊन पोहायला गेलाय.

मरायकेचं काम उरकलं. तिच्या फिल्मसाठी एक कागद हवा होता. १९४२ सालचं गाड्यांचं वेळापत्रक. टेबलावर पडलेलं दिसेल, कुणी अधिकारी त्यावर बोट ठेवून बोलेल, एवढंच त्याचं काम. कच्चं तिनंच पेन्सिलीनं करून दिलं होतं. बाई इतिहासाच्या मास्तरीण, जन्मात कधी वेळापत्रक लावलेलं नाही. मंगळवारी सुटलेली गाडी गुरुवारी परत येते आणि नंतर शनिवारपर्यंत यार्डात नुसती उभी! बघवेना. बाबा डेपोत बसगाड्यांची टाइमटेबलं लावायचे, त्यांचं वाक्य घरात सगळ्यांना पाठ आहे: रिकामी गाडी पळवणं पाप आणि उभी ठेवणं महापाप.

सगळं एक्सेलमध्ये घेतलं. इंजिन कुठं बदलतं ते हलवलं, दोन थांबे उडवले. एका रकान्याला तिनं नावच दिलं नव्हतं, तिथं ऑफिसात लिहिते तसं ‘नग’ टाकलं. दुपारी बारापर्यंत खलास. मेल केली: “एक चूक होती, ती काढली. आता आठवड्याला एक फेरी जास्त बसते.” पुढे हसरा चेहरा.

मस्त वाटतंय. किती दिवसांनी असं डोकं लावून काहीतरी केलं.

सोमवार, १३ जाने.

टिलबर्गच्या गाडीत मरायकेचं उत्तर वाचलं. एकच ओळ.

“अगदी बरोबर केलंस. त्या गाडीत कोण आहे, लक्षात आहे ना?”

ऑफिसात पोचले. दिवसभर ट्रक लावले. कुठला ट्रक भरून जातो, कुठला रिकामा येतो. नऊ वर्षं हेच करते आहे आणि बरं करते. आज प्रत्येक ओळीपाशी हात थांबत होता. मी ‘नग’ लिहिलं त्या रकान्यात छळछावणीला न्यायची माणसं होती.

बुधवार, १५ जाने.

मंदारला सांगितलं. तो म्हणाला, अगं प्रॉप आहे तो, नाटकातला कागद, तुझ्या एक्सेलमुळे कुणी मेलं नाही.

बरोबर आहे. कुणी मेलं नाही. पण ती फेरी बसली तेव्हा मला आनंद झाला होता, तो खोटा नव्हता. तो आनंद प्रॉप नव्हता. हे त्याला सांगता आलं नाही, मग उगाच कुकरच्या शिट्टीवरून वाद घातला.

लाज वाटते. लिहून ठेवते, म्हणजे उद्या ‘तसं काही नव्हतं’ म्हणायला नको.

रविवार, १९ जाने.

मरायकेकडे. बारा वर्षांपूर्वी मी या गावात, न्यूनेनला, आले तेव्हा ती डच शिकवायला दर मंगळवारी घरी यायची. फुकट. माझ्या हातची साबुदाण्याची खिचडी खायची आणि दर वेळी विचारायची, हे नक्की काय आहे. आता एकाहत्तरची आहे. इथल्या नाटकमंडळींना घेऊन तासाभराची फिल्म करतेय: एक खोली, एक टेबल, भोवती नाझी अधिकारी, आणि ज्यूंना कसं संपवायचं यावर त्यांची बैठक. कोणाला ज्यू धरायचं, कुठून किती गाड्या, मध्ये कॉफी. एप्रिलात गावच्या हॉलमध्ये दाखवायची, सईच्या वर्गासकट सगळ्या पालकांना.

मी माफी मागायला गेले होते. तिनं मागूच दिली नाही. आजोबांचा फोटो दाखवला. कुठल्याशा गेमेंटेत, म्हणजे नगरपालिकेत, कारकून होते. कुठल्या ते ती सांगत नाही. युद्धात लोकांची नोंदणीकार्डं लिहायचे. नाव, पत्ता, धर्म. अक्षर फार सुंदर होतं म्हणे. घरात सगळे आजही त्या अक्षराचं कौतुक करतात, आणि ते अक्षर कशासाठी वापरलं ते कुणी बोलत नाही.

मग मी स्क्रिप्टबद्दल बोलले. वाचलंय मी ते. सात माणसं, सात गणवेश, सातही जण आरडाओरडा करतात. म्हटलं, मरायके, राग मानू नकोस, पण हे बघून कुणालाही काही होणार नाही. सगळे म्हणतील, अरे बापरे, केवढे राक्षस! आणि घरी जाऊन सूप पितील. राक्षसांना वेळापत्रक लावता येत नाही. त्याला आमच्यासारखं कुणीतरी लागतं.

ती म्हणाली, “तर मग तू लिही. आणि तूच कर.”

शनिवार, २५ जाने.

लिहिलं. साडेतीन मिनिटं.

अधिकारी वेळापत्रकावरून भांडतायत, गाड्या पुरत नाहीत. दार उघडतं. माझ्यासारखी प्लॅनर आत येते, आजच्या कपड्यांत: ब्लेझर, गळ्यात ऑफिसचा पास, काखेत लॅपटॉप. कुणाला त्याचं काही वाटत नाही. ती कागद बघते, म्हणते गाडी दोन दिवस उभी आहे, ही चूक आहे. सुधारते. म्हणते, आठवड्याला एक फेरी जास्त बसेल. सगळे आभार मानतात. ती विचारते, अजून काही? नाही. ती जाते.

बस. ओरडणं नाही, रडणं नाही. कॉलेजात एकांकिका करायचो तेव्हा शेवटी किंकाळी हवीच असायची. आमचे दिग्दर्शक किंकाळीशिवाय पडदा पाडायचेच नाहीत. इथं किंकाळी टाकली की लोक सुटतील. सोडायचं नाही.

सोमवार, ३ फेब्रुवारी

मंदार चिडलाय. ओरडत नाही, भांडी जोरात ठेवतो.

म्हणणं असं की नागरिकत्वाचा अर्ज आत आहे, आणि मी गावासमोर उभी राहून गावाला सांगणार की तुमच्यासारख्यांनीच गाड्या लावल्या. आपण पाहुणे आहोत अनघा, पाहुण्यानं यजमानाच्या माळ्यावर चढू नये.

म्हटलं, बारा वर्षं झाली. टॅक्स भरते, कचरा चार डब्यांत वेगळा करते, शेजारच्या आजींच्या मांजरीला इंजेक्शनं देते. कसली पाहुणी? आणि मी ‘तुम्ही लावल्या’ म्हणत नाहीये. मी म्हणतेय मी लावली. जानेवारीत. पोहे खाऊन.

त्यानं पुढची भांडी हळू ठेवली.

रविवार, ९ फेब्रु.

आई-बाबांना व्हिडिओ कॉल. आईचं नेहमीचं, कशाला हवीत ती अभद्र कामं, त्यापेक्षा मंडळात गाण्याचं बघ. बाबांना सगळं सांगितलं. त्यांचं वाक्य मी स्क्रिप्टात घेतलंय हेही. वाटलं खूश होतील.

बाबा चष्मा काढून पुसत बसले. मग म्हणाले, “अनू, मलापण एकदा गाड्या लावायला सांगितल्या होत्या. धरणाच्या वेळी. गावं उठवायची होती. मी लावल्या. एकही गाडी उशिरा सुटली नाही.”

म्हटलं, बाबा, ते आणि हे एक नाही.

“नाहीच एक. ती माणसं जिवंत पोचली. पण कुठं उतरवणार, तिथं पाणी आहे का, हे मी विचारलं नाही. साहेबांनी वेळेबद्दल शाबासकी दिली, ती मी तुझ्या आईला येऊन सांगितली.”

आईला आठवत नव्हतं. बाबांना तारीख-वार आठवत होता.

वाक्य काढून टाकू का, असं विचारलं. नको म्हणाले. राहू दे, माझ्या नावानं राहू दे.

शनिवार, ८ मार्च

शूटिंग. टिलबर्गला एक बंद पडलेली शाळा मिळाली, तिच्या शिक्षकखोलीत. कार्निव्हलचे रंगीत कागद अजून जिन्यात चिकटलेले. सकाळी आठपासून, थंडी मरणाची, हीटरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून तोही बंद. कॉफीबरोबर प्रत्येकी एक बिस्किट, डबा लगेच बंद. बारा वर्षांत एवढी एकच गोष्ट माझ्या अंगवळणी पडली नाही. मी चिवडा नेला होता, दहा मिनिटांत संपला. नाझींनी खाल्ला.

ऑफिसचा खरा पास घातला नाही. नोकरी प्यारी आहे. मंदारनं रात्री कधीतरी कोरा पास करून ठेवला होता, निळी दोरी, माझा फोटो, नाव नाही. टेबलावर ठेवून कामाला निघून गेला. हा माणूस मला कधी कळणार नाही.

मुख्य अधिकारी योस्ट करतो. तो निवृत्त बेकर आहे, हात पावासारखे गुबगुबीत. चौथ्या टेकला मी कागद सुधारून त्याच्यापुढे सरकवला आणि त्यानं मान वर करून ‘थँक यू, बाई’ म्हटलं. इतकं मनापासून, इतकं हसून म्हटलं की मलाही हसू आलं. खरंखुरं. शाबासकीचं. स्क्रिप्टात हसणं नव्हतं. आणि त्याच झोकात तोंडातून बाबांचं वाक्य मराठीतच निघालं. रिकामी गाडी पळवणं पाप आणि उभी ठेवणं महापाप. कुणाला कळलं नाही, पण सगळ्यांनी माना डोलावल्या, जशा बैठकीत डोलावतात.

मरायके म्हणाली, हाच टेक.

नंतर योस्ट बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा होता. मला म्हणाला, गणवेश घातला की मला सोपं जातं, पण तुझे आभार मानताना मी गणवेशात नव्हतो.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी बाल्कनीत, वारा असा की साडीला चार क्लिपा लावल्या. श्रीखंड घरचं.

सईनं फिल्म पाहिली. मरायकेनं लिंक पाठवली होती. मी स्वयंपाकघरात, कान तिकडे. माझा सीन आला, गेला. ती आत आली, श्रीखंडाच्या वाटीतून बोट चाटलं आणि डचमध्येच विचारलं, “आई, तू तेव्हा असतीस तर लावलं असतंस?”

तिला मराठी कळतं, बोलत नाही. आणि मला डच येतं, पण उत्तर देता आलं नाही. ना डचमध्ये ना मराठीत.

म्हणाली, माझ्या वर्गासमोर तू हसतेस त्यात. लाज वाटेल मला.

वाटू दे, असं म्हणाले. नंतर वाटलं फार कडक झालं. पण मागे घेतलं नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

हॉल समितीला फिल्म दाखवली. अध्यक्ष ते, खांद्यावर स्वेटरची गाठ मारतात म्हणून मी त्यांना स्वेटरकाका म्हणते, अर्थात मनात. सज्जन माणूस. खरंच. त्यानंच जास्त त्रास होतो.

फिल्म आवडली. फार प्रभावी वगैरे. फक्त एक सीन.

म्हणणं: मुलं लहान आहेत. त्यांचे आई-वडील ऑफिसांत काम करतात, गळ्यात पास घालतात, लॅपटॉप उघडतात. मुलांना वाटेल आपले आई-वडीलही तसेच. याला काही तोल हवा. आणि माझ्याकडे वळून, अगदी मऊ आवाजात: तुम्हालाही, बाहेरून आलेल्या म्हणून, हे अवघड जात असेल. नंतर गावात लोक ओळखतील.

म्हटलं, ओळखू देत. लोक मला मांजरीची इंजेक्शनवाली म्हणून ओळखतात, आता ही दुसरी ओळख.

कुणी हसलं नाही. मरायकेसुद्धा नाही.

साडेतीन मिनिटं काढली तर २३ तारखेला हॉल आहे. नाही काढली तर ‘पुन्हा बोलू’. या देशात पुन्हा बोलू म्हणजे काय ते मला चांगलं ठाऊक आहे.

गुरुवार, १० एप्रिल

मरायकेनं आखूड प्रत केली.

फोनवर भांडले. तिच्याशी कधी भांडेन असं वाटलं नव्हतं. ती थकलीय. म्हणते, बाकीची फिल्म तरी बघतील, छप्पन्न मिनिटं आहेत. म्हटलं, छप्पन्न मिनिटं राक्षस. तुझे आजोबा राक्षस होते का? सुंदर अक्षराचा राक्षस?

फोन ठेवला तिनं.

बोलायला नको होतं तसं. पण चूकही बोलले नाही. दोन्ही खरं आहे.

सोमवार, १४ एप्रिल

समितीला पत्र लिहिलं. माझं डच मंदारनं नव्हे, योस्टनं तपासलं. मंदारला दाखवलंच नाही. मथितार्थ इथे मराठीत, माझ्यासाठी:

तुम्हाला भीती आहे की मुलांना आपले आई-वडील त्या खोलीत दिसतील. मला तीच आशा आहे. मी कुणाच्या आई-वडिलांवर आरोप करत नाही. कामाच्या नादात ती गाडी मी स्वतः लावली, आणि मला कुणी धमकी दिली नव्हती, फक्त कागदात चूक होती. सीन काढायचा असेल तर तो तुमचा हॉल आहे. पण काढल्याचं कारण ‘तोल’ असं लिहू नका. ‘आम्हाला ओळखीचं वाटलं’ असं लिहा.

योस्टनं एक स्वल्पविराम बदलला. म्हणाला, बाकी हात लावण्यासारखं नाही.

शनिवार, १९ एप्रिल

उत्तर आलं. पत्राबद्दल आभार, मुद्दे मननीय, तूर्त आखूड प्रत. कॉफीला या. कॉफीला या!

त्याच मेलमध्ये खाली दुसरी गोष्ट. हॉलचा प्रोजेक्टर चालवणारा गृहस्थ सुट्टीवर गेलाय. मागे मंडळाच्या गणपतीला मंदारनं फार छान सांभाळलं होतं, तर बुधवारी तो करेल का?

इथं कुठंही प्रोजेक्टर अडला की मंदार. गणपती, दिवाळी, शाळेचं संमेलन, शेजाऱ्यांची पन्नाशी. कुठली वायर कुठं जाते हे विचारायला गावच्या लोकांकडे आमच्या घराचा नंबर आहे. आणि हा कधी नाही म्हणत नाही.

आताही हो म्हणाला.

म्हटलं, आखूड प्रत चालवायला?

“प्रोजेक्टर चालवायला,” म्हणाला.

मंगळवार, २२ एप्रिल

मरायके आली. दारातच उभी, फोन ठेवल्याबद्दल काही म्हणाली नाही, मीही नाही. खिचडी खाल्ली. हे नक्की काय आहे, असं विचारलं नाही, म्हणजे अजून रागावलीय. जाताना मंदारच्या हातात पेन ड्राइव्ह दिला. म्हणाली, दोन्ही आहेत यात. एकावर आखूड लिहिलंय, एकावर नाही. समितीनं आखूड सांगितलंय, ते मी तुला सांगितलं. माझं काम झालं.

ती गेली. मंदार पेन ड्राइव्ह हातात फिरवत बसला. मग उठून शर्टाला इस्त्री केली. तो शर्टाला कधीही इस्त्री करत नाही.

मी विचारलं नाही. ओठांवर आलं होतं. पण विचारलं तर माझ्यासाठी करेल, किंवा माझ्यामुळे करणार नाही. त्याचं त्यानं ठरवावं. मला तर कुणी सांगितलंही नव्हतं, मी ठरवलंही नव्हतं, नुसतं केलं होतं.

बुधवार, २३ एप्रिल

साडेपाच. लख्ख ऊन. सातला सुरू.

मंदार मघाशीच सायकलनं पुढे गेला, वायरी तपासायला. वरच्या खिशात पेन ड्राइव्ह, खिशाचं बटण लावलेलं. दारात थांबला. अर्जाचं पत्र यायचंय अजून, एवढंच म्हणाला. म्हटलं, माहीत आहे. सांभाळून जा, असं म्हणाले, जणू तो हिमालयात निघालाय.

माझं ठरलंय. लांब प्रत लागली तर उत्तम, पहिल्या रांगेत बसेन आणि स्वेटरकाकांना कॉफीला नक्की येते म्हणून सांगेन. आखूड लागली तर दिवे लागल्यावर उठेन, स्टेजवर जाईन. एकांकिकेवाली आहे, साडेतीन मिनिटं मला माइक लागत नाही. पर्समध्ये वेळापत्रक घातलंय. तेच, जानेवारीतलं, ‘नग’ लिहिलेलं. मला उतरवायचं असेल तर धरून उतरवावं लागेल. ते इथं कुणी करत नाही, फार असभ्य दिसतं.

आईचा फोन येऊन गेला. बाबा जागे राहणार आहेत म्हणे, झालं की कळव. मागून त्यांचा आवाज: तिला म्हणावं, चूक सांगताना घाई करू नको.

सई तयार होऊन खाली आली. मला वाटलं मैत्रिणींबरोबर जाईल, आईबरोबर दिसायला नको म्हणून. तिनं खुंटीवरचा निळा पास काढला, माझ्या गळ्यात घातला, केस दोरीतून सोडवले. मग म्हणाली, आणि या वेळी मराठीत, अडखळत:

“आई, तू मला सांगितलं नाही अजून. लावलं असतंस?”

म्हटलं, “हो. तू विचारलं नसतंस तर.”

तिनं मान डोलावली. स्वतःच्या सायकलीची किल्ली शोधतेय आता. माझी तिच्याकडेच आहे. निघते.